वेळासला येताय? पिल्लं दिसतीलच असं मी सांगणार नाही

पुण्याहून एका बाईंनी विचारलंय: मार्चच्या शेवटच्या शनिवार-रविवारी नऊ आणि पाच वर्षांची मुलं आणि सासूबाई, असे सगळे कासवांची पिल्लं बघायला वेळासला किंवा आंजर्ल्याला यायचं म्हणतोय. पिल्लं नक्की दिसतील ना? आणि आमच्यासारखे शेकडो लोक किनाऱ्यावर जमल्यावर कासवांना त्रास होत असेल, तर मुळात यावं का?

दुसरा प्रश्न विचारणारे कमी असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी अठरा वर्षं दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात कासवांच्या राखणीचं काम करतोय. आधी रात्रीची गस्त, आता जास्त करून पाहुण्यांना सांभाळणं. खरं सांगू का, गस्त सोपी होती.

पहिल्याचं उत्तर देऊन टाकतो: नक्की नाही. मार्चअखेर काळ चांगला असतो, पण शनिवारी संध्याकाळी सहाला तुमच्या पुढ्यात पिल्लं असतील अशी हमी मी देणार नाही. आणि फोनवर जो कोणी अशी हमी देईल त्याच्याकडे उतरू नका.

हिशेब समजून घ्या. आपल्याकडे येतं ते ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. ओडिशात गहिरमाथ्याला, ऋषिकुल्येच्या मुखाशी हजारो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर चढतात. कोकणात तसं नाही. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कधीतरी रात्री एखादी मादी येते, तासाभरात अंडी घालून वाळू दाबून परत जाते. पहाटे कासवमित्र, म्हणजे घरट्यांची राखण करणारा गावातला माणूस, तिचा माग काढत जातो. ओल्या वाळूत छोट्या ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा तो माग असतो. एका घरट्यात १०० च्या आसपास अंडी, कधी ८०, कधी १५० च्या घरात. ती काढून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या जाळीच्या कुंपणात, हातभर खोल, तळाशी सुरईसारखा फुगीर खड्डा करून पुन्हा पुरायची. हे काही तासांत उरकावं लागतं आणि अंडं गोल फिरू द्यायचं नाही, वरची बाजू वरच राहिली पाहिजे. आतला गर्भ एकदा कवचाच्या पडद्याला चिकटला की नंतर अंडं उलटं झालं तरी तो मरतो. मी नवीन होतो तेव्हा ‘बटाटे भरतोयस का’ म्हणून शिव्या खाल्ल्या आहेत.

मग ४५ ते ६० दिवस वाट. हा पंधरा दिवसांचा फरक तुमच्या लक्षात यायला हवा. वाळू तापलेली असली की पिल्लं लवकर, थंडीत घातलेल्या अंड्यांची उशिरा. नर होणार की मादी हेही वाळूच्या उष्णतेवर ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त. हॅचरीवर हिरवी शेडनेट ताणलेली दिसली तर ती पाहुण्यांच्या सावलीसाठी नाही, वाळू फार तापू नये म्हणून आहे.

घरट्यावर तारखेची पाटी असते, पण खरी खूण वाळूत बघायची. पिल्लं अंडं फोडून लगेच वर येत नाहीत. खाली दोन-तीन दिवस एकमेकांच्या अंगावर चढत, वरची वाळू खाली पाडत, सगळी मिळून वर सरकतात. त्यामुळे घरट्याच्या तोंडाशी वाळू खचते. आधी बशीएवढा खळगा पडतो, मग ताटलीएवढा. खचलं की आम्ही म्हणतो, आज नाहीतर उद्या. म्हणून आदल्या दिवशी फोन कराल तेव्हा ‘पिल्लं आहेत का’ विचारू नका, ‘एखादं घरटं खचलंय का’ विचारा. पलीकडचा माणूस तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलेल.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याचं उत्तर पहिल्यातच आहे.

दर हंगामात एक फोन ठरलेला: “दादा, मंडणगडला पोचलोय, पाऊण तासात येतोच. तेवढी राखून ठेवा ना.” माणूस वाईट नसतो. पहाटे चारला उठून, मागे ओकणारी पोरं घेऊन आलेला असतो. पण राखून ठेवायचं म्हणजे काय करायचं ते ऐका. पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याच्या पोटात बलकाचा शेवटचा वाटा असतो. तीच त्याची शिदोरी. तिच्यावर त्याला किनाऱ्याजवळच्या मासे-पक्ष्यांच्या तडाख्यातून सुटून खोल पाण्यापर्यंत जायचं असतं, त्यासाठी ते पहिला दिवस जवळजवळ न थांबता पोहतं. टोपलीत ठेवलं म्हणून पिल्लू गप्प बसत नाही. कडेवर चढतं, पडतं, पुन्हा चढतं. म्हणजे शिदोरी टोपलीतच खर्ची पडते.

रात्री दोनला वर आलेली पिल्लं रात्री दोनलाच सोडायला हवीत. काही ठिकाणी ती सकाळी सातच्या गर्दीसाठी थांबवतात. मीही थांबवली आहेत, खोटं कशाला बोलू. शंभर माणसं दोरीमागे उभी असतात, त्यात गावातल्याच कुणाकडे उतरलेले दहा, आणि घरमालकीण डोळ्यांनी विनवत असते. त्या वेळी नाही म्हणायला जी छाती लागते ती पंचविशीत माझ्याकडे नव्हती. तेव्हा गर्दीचा त्रास होतो का, तर होतो, पण लोकांना वाटतो तसा नाही. पायाखाली पिल्लू येईल ही भीती दोरी बांधून टाळता येते. गर्दीला हमी हवी असते, आणि ती हमी आम्ही पिल्लाच्या शिदोरीतून देतो.

तरीही या. हे मी तोंडदेखलं म्हणत नाही.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं समुद्री गरुडांची पाहणी करत वेळासला आली आणि त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तोवर किनाऱ्यावर अंडी सापडली की ती घरी जायची किंवा विकली जायची, उरलीसुरली कोल्ह्या-कुत्र्यांची. त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. सुरंगी वेचावी, खेकडे धरावे, तशी अंडी. मग संरक्षण सुरू झालं, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, आणि नाना फडणवीसांचं गाव एवढीच ज्याची ओळख होती त्या वेळासला लोक मुक्कामाला यायला लागले. माजघरात गाद्या पडल्या, केळीच्या पानावर मोदक आले. घरटं कुठे असतं हे ज्यांना सगळ्यात चांगलं कळत होतं, म्हणजे अंडी काढणारे, तेच काही ठिकाणी राखणीला उभे राहिले. पुढे आंजर्ल्याला, गुहागरला, खाली वेंगुर्ल्याकडे वायंगणीलाही हेच झालं, वनखातंही कामात उतरलं. पाहुणा यायचा थांबला तर हे सगळं उद्याच मोडेल असं नाही, पण रात्री तीनला उठून चार-पाच किलोमीटर पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, तुडवणाऱ्या माणसाला घरून काय ऐकावं लागेल ते मला माहीत आहे. म्हणून गावातल्या घरी राहा, तिथेच जेवा. किनाऱ्यालगतच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये राहून फक्त पिल्लांपुरतं गावात येणाऱ्यांचा गावाला तसा उपयोग नाही.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. ताडोब्याला फाटक आहे, गाड्यांची संख्या ठरलेली आहे, गाइड सक्तीचा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालाही फाटक आहेच. आमच्या पुळणीला फाटक नाही. कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे कागदावर त्याला वाघाइतकंच संरक्षण. पण प्रत्यक्षात किनाऱ्यावर असतात दोन कासवमित्र, एक शिट्टी आणि एक सुतळी. त्या सुतळीच्या अलीकडे राहायचं की नाही हे सगळं तुमच्यावर.

सुतळीपेक्षा मोठी गोष्ट अंधार. पिल्लू घरट्यातून वर आलं की जिकडे उजेड जास्त तिकडे जातं. माणसाचे दिवे नव्हते तेव्हा हा नियम बिनचूक होता. रात्री पाण्यावरचं आभाळ उजळ आणि सुरूच्या बनाची बाजू काळी, म्हणजे समुद्राची दिशा बरोबर सापडणार. आता सुरूमागे दिवे असतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या गस्तीतून एक घरटं निसटलं. मादीचा माग भरतीने पुसून गेला असावा. दीड-दोन महिन्यांनी पहाटे जात होतो तर वाळूत बारीक पावलांची रांगोळी दिसली. आधी आनंद झाला, म्हटलं चला, आपोआप निघाली. मग दिशा बघितली. सगळे माग पाण्याकडे पाठ करून वर गेले होते, वर एका हॉटेलच्या मागच्या बाजूला रात्रभर जळणारा हॅलोजन होता. पिल्लं मर्यादवेलीच्या जाळीत सापडली. काही मुंग्यांनी भरलेली, काहींना कावळ्यांनी टोचलेलं, सात-आठ जिवंत. मालकाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, “गेस्टना रात्री समुद्र बघायला लागतो.” मला त्याचा राग आला होता. पण तेव्हापासून येणाऱ्या गेस्टना आधीच सांगतो, कारण दिवा तुमच्यासाठी लावलेला असतो. खोली समुद्राच्या तोंडाची असेल तर बाहेरचा दिवा बंद करायला सांगा, पडदा ओढा. रात्री पुळणीवर मोबाइलचा टॉर्च लावू नका. डोळे दहा मिनिटांत अंधाराला सरावतात, चांदण्यात वाळू चांगली दिसते. बॅटरी लागलीच तर तिच्या काचेवर लाल कागद लावा, लाल उजेड कासवाला फारसा जाणवत नाही. फ्लॅश तर नकोच.

हात लावण्याबद्दल. माझ्याकडे माझा एक जुना फोटो आहे, तळहातावर पिल्लू, बाजूला मुंबईचा एक पाहुणा, दोघेही हसतोय. तेव्हा मला वाटायचं की हातात घेतलं म्हणजे माणसाला माया लागते. लागतेही. पण मग दोरीमागच्या पन्नास जणांना तीच माया हवी असते. सनस्क्रीनचे हात, डासांचं मलम चोपडलेले हात, आणि खाली पडलेलं पिल्लू. शिवाय त्या पंधरा-वीस फुटांच्या वाळूवरून त्याला स्वतःच चालायचं असतं. जन्माच्या किनाऱ्याची खूण ते याच वेळी घेतं असं मानतात. बादलीतून नेऊन पाण्यात ‘सोडणं’ हा उपकार नाही.

नऊ वर्षांचा मुलगा विचारेलच, ते परत इथेच येणार का? त्याला हे सांगा. २०२२ च्या जानेवारीत आपल्या किनाऱ्यावर पहिल्यांदाच कासवांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. वेळासच्या मादीचं नाव ठेवलं प्रथमा, आंजर्ल्याची सावनी. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि २०२१ मध्ये ओडिशात जिच्या परावर, म्हणजे वल्ह्यासारख्या पायावर, बिल्ला ठोकला होता ती मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे ‘आमचं कासव, तुमचं कासव’ हा हिशेब समुद्रात चालत नाही. त्याच्या पाठीवरचं यंत्र पडतं कसं, हा पुढचा प्रश्न तो विचारेल. गोंदासारख्या पदार्थाने चिकटवलेलं असतं, काही काळाने आपसूक सुटतं.

कुत्र्यांना बिस्किटं घालू नका. ही सूचना ऐकून सगळ्यात जास्त लोक दुखावतात. तुम्ही दोन दिवस घालता, हंगामभर शनिवार-रविवारी कुणी ना कुणी घालतं, आणि पुळणीवर कुत्र्यांची टोळी कायमची वस्तीला येते. सोमवारी पाहुणे नसतात, तेव्हा तीच टोळी वाळू उकरते. कोल्हा पूर्वीपासून अंडी खातो, तो त्याचा हक्क म्हणा हवं तर. पण कोल्हे दोन असतात आणि कुत्री बारा.

गाडी वाळूवर घालू नका. घालणाऱ्यांची गाडी भरतीत अडकल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच, त्यात मला फारसं दुःख होत नाही. पण टायरची चाकोरी मागे राहते. पिल्लू सगळं मिळून दोन इंचांचं नाही. त्या चाकोरीत पडलं की ते भिंतीला समांतर चालत राहतं, समुद्र हाताच्या अंतरावर असतो आणि ते उत्तरेला निघालेलं असतं.

बरं, आता नशिबाने घरटं खचलं आणि तुम्ही हजर असलात तर काय बघायचं? बहुतेक जण फोन पुढे करून उभे राहतात आणि नंतर ‘एवढंच?’ म्हणतात, कारण स्क्रीनवर ते काळं झुरळासारखं दिसतं. मुलांना दोरीशी बसवा, बसवाच, उभं नको. घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की आधी काही होत नाही. वाळू नुसती थरथरते. मग एक डोकं, त्यावर वाळूचे कण, नाकाच्या शेंड्यावर चुन्याच्या ठिपक्याएवढा पांढरा दात, अंडं फोडायला आलेला, काही दिवसांत झडून जाणारा. चार पावलं चालून पिल्लू थांबतं. मान उचलतं. माणसं ‘चल, चल’ ओरडायला लागतात. तेव्हा गप्प राहा. ते दम खातंय. पुन्हा चालतं, पर एकाआड एक टाकत, आणि मागे शिवणीच्या टाक्यासारखी दुहेरी रेघ सोडत जातं. पहिली लाट बहुतेक वेळा त्याला उलथं करून दहा फूट मागे फेकते. पोरं रडतात, बाप पुढे धावतात. तिथे मुलाचा हात धरा. पुढची लाट त्याला सरळ करते. तिसरी किंवा चौथी घेऊन जाते, आणि तुम्ही एकटक बघत असूनही नेमकं कधी गेलं ते कळत नाही.

हजारातलं एखादंच मोठं होतं असं म्हणतात. हे पाच वर्षांच्या मुलीला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगत नाही.

रात्री फिरताना चुकून मोठी मादी दिसली तर जागच्या जागी थांबा आणि खाली बसा. वर चढत असताना माणूस किंवा उजेड दिसला तर ती अंडी न घालता परत फिरते. अंडी घालायला लागल्यावर तिचं लक्ष कमी असतं, म्हणून काही शहाणे तेव्हा जवळ जातात, आणि तेवढ्यात कुणीतरी टॉर्च लावतोच. डोळ्यांतून पाणी दिसेल. ती रडत नसते, अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकत असते.

प्रवासाबद्दल थोडं. ताम्हिणीत माकडांना काही देऊ नका, काच उतरवू नका. ती गाडीची वाट बघायला शिकली आहेत आणि त्या वाटेत मरतात. हर्णै-मुरूडकडे डॉल्फिन बघायला होडीत बसलात तर खलाशाला आधीच सांगा, पाठलाग नको, इंजिन बंद करून थांबू. तो खूश होईल, त्याचं डिझेल वाचतं. पाठलाग तो पाहुण्याच्या आरड्याओरड्यामुळेच करतो. आणि मच्छीमारांकडे ‘हे कासवांचे मारेकरी’ अशा नजरेने बघू नका. जाळ्यात अडकलेलं कासव सोडवायला महागाचं जाळं कापावं लागतं. २०१८ च्या अखेरीस सरकारने त्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई सुरू केली, पण त्याच्या आधीही जाळी कापणारे होतेच.

पिल्लं दिसली नाहीत तर? एक मुक्काम वाढवता आला तर वाढवा, नाहीतर बाणकोटचा किल्ला करा, वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोटीने गाडीसकट जाऊन या. पोरांना बोट कासवापेक्षा जास्त आवडते हे मी कित्येकदा पाहिलंय. दिवसा कासवमित्राबरोबर हॅचरीपाशी तास काढा. रिकाम्या घरट्यातली टरफलं मोजायचं काम चालू असेल तर तो मुलाला आकडा लिहायला लावेल. टरफलं मऊ असतात, पिंगपाँगचा चेंडू चेपल्यासारखी. ज्याने वहीत ‘फुटलेली ९१, न फुटलेली १७’ असं स्वतःच्या हाताने लिहिलंय त्या पोराला पिल्लं न दिसल्याचं फार वाईट वाटत नाही.

आजींबद्दल. गावातून पुळणीपर्यंत चालत जावं लागतं, मध्ये साकव आणि थोडी मऊ वाळू लागते, गुडघे दुखत असतील तर परतताना चढ जाणवतो. सकाळची वेळ त्यांना बरी, ऊन नसतं आणि वाळू ओली, घट्ट असते. घरमालकिणीला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, ती एखाद्या पोराच्या हाती प्लॅस्टिकची खुर्ची पाठवते. खुर्ची दोरीच्या टोकाला समुद्राच्या बाजूला मांडायला सांगा, मधोमध नको, मधे पुढचे लोक उठून उभे राहतात आणि मागच्याला काही दिसत नाही.